मेंदूसाठी पाच बाटल्या

ज्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत एका आजोबांना मेंदूच्या गोळ्या द्यायला साफ नकार दिला, त्याच माणसाने पाच मिनिटांनी मला त्याच गोळ्या दिल्या. आमची ओळख झाली ती अशी.

बाहेर पाऊस लागला होता आणि माझी छत्री ऑफिसात राहिली होती. औषधांच्या दुकानाच्या पत्र्याखाली मी अंग चोरून उभी होते. पुढे आजोबा हुज्जत घालत होते.

“जाहिरातीत दाखवतात ती बाटली. मेंदूचं गंज चढण्यापासून रक्षण. द्या मुकाट्याने.”

“नाही देणार,” काउंटरमागचा तरुण म्हणाला. आवाज मऊ, पण मान ठाम हलत होती. “आजोबा, रोज अर्धा तास चाला. रक्तदाब सांभाळा. आणि आधी कान तपासून घ्या. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार?”

“म्हणजे मी बहिरा आहे?”

“मी असं म्हटलं का?”

“काय?”

मला हसू फुटलं. आजोबांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी विरघळलं. ते तणतणत गेले आणि काउंटरसमोर मी उरले. केसांतून पाणी कानामागे उतरत होतं.

“मला द्या ती बाटली,” मी म्हणाले.

त्याने भुवया उंचावल्या. “कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“तुम्ही काय विसरता?”

“छत्री.”

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. “आणखी कुठली औषधं चालू आहेत? रोजची काही?”

“नाही. काहीच नाही.”

हे खोटं होतं. म्हणजे माझ्यापुरतं खरं होतं. पण गोळ्या मला घ्यायच्या नव्हत्या... आईला द्यायच्या होत्या. आणि ‘माझ्या आईला विसरायला होतंय’ हे वाक्य मी तोपर्यंत मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. उच्चारलं तर ते खरं होईल, अशी काहीतरी भीती होती. शास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला न शोभणारी.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग बाटली कागदी पिशवीत घातली, ती आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि म्हणाला, “भिजेल.”

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. शहरातले शेकडो नंबर तिला तोंडपाठ असायचे. कोण कोणाशी भांडून फोन आपटतं हेसुद्धा. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. गेल्या वर्षी एकदा तिने दूध तापवलं, थोड्या वेळाने पुन्हा तापवलं आणि तिसऱ्यांदा पातेलं गॅसवर ठेवायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “अगं, नासेल म्हणून.” मग एक दिवस ती बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. बसचा नंबर बरोबर होता, पण उतरायचं कुठे ते आठवेना.

आमच्या घरात याआधी हे झालेलं होतं. मोठी मावशी, आईची सख्खी बहीण, शेवटची चार वर्षं एका खोलीत बसून स्वतःच्या मुलीला “बाई, मला घरी सोडा” म्हणायची.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आईला पाहून एक चिठ्ठी लिहून दिली : स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. ती चिठ्ठी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. सहा महिने ती तिथेच होती. तपासणीऐवजी मी बाटल्या आणल्या.

आता मी काम काय करते ते सांगायला हवं, कारण चूक तिथून सुरू झाली. मी एका प्रयोगशाळेत आहे. बाजारातल्या पूरक गोळ्या आमच्याकडे तपासायला येतात. लेबलवर लिहिलंय ते आत आहे का, एवढंच बघायचं. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात गोळीचा अर्क घालायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत फिकट पिवळा होतो. जांभळा म्हणजे मोकाट सुटलेले, दिसेल त्याला ओरबाडणारे कण. पिवळा म्हणजे ते शांत झाले. मेंदू शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा, पण ऑक्सिजन मात्र पाचवा हिस्सा खातो. वर सगळा चरबीने भरलेला. त्यामुळे हे ओरबाडणं तिथे जास्त. कॉलेजात शिकलेलं सगळं मला पाठ होतं.

काचेच्या नळीत रंग उतरतो म्हणून माणसाच्या डोक्यातही तसंच होत नाही, हेही पाठ होतं. पण रोज आठ तास डोळ्यांसमोर जांभळ्याचं पिवळं होताना बघितलं आणि घरी आईचे डोळे रिकामे झालेले बघितले, की मन नळीवर विश्वास ठेवायला लागतं.

पहिल्या बाटलीनंतर दुसरी. माशाचं तेल. मग हळदीचा अर्क. मग कुठल्याशा झाडाच्या पानांचा अर्क, ‘मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतो’ असं लेबलवर लिहिलेला. मग ई जीवनसत्त्व, सगळ्यात जास्त मात्रेचं. आणि दर बाटलीगणिक तो.

“या, प्रयोगशाळा,” तो म्हणायचा. मी काय करते हे कळल्यापासून त्याने मला हेच नाव ठेवलं होतं. “आज कुठला अवयव वाचवायचा?”

“मेंदूच.”

“अजून? एव्हाना तर तुमचा मेंदू बुलेटप्रूफ झाला असेल.”

“तुम्हाला गिऱ्हाईक नकोय का?”

“हवंय ना...” तो म्हणायचा आणि उगाच मागच्या फळीवरचे खोके सरळ करायला लागायचा. कान लाल झालेले मला मागून दिसायचे.

एकदा मी विचारलंच. “इतर कोणी ही बाटली मागितली की तुम्ही चालायला जायला सांगता. मला कसं कधी सांगत नाही?”

तो बिलाच्या कागदावर उगीच रेघ ओढत राहिला. “तुम्ही शास्त्रातल्या. तुम्हाला... कळतंच की.”

मी तेवढ्यावर खूश झाले. आपल्याला हुशार समजणारा माणूस मिळाला की आपला मेंदू किती लवकर बंद पडतो, यावर कोणी संशोधन करायला हवं.

घरी मी नोंदवही ठेवली होती. तारीख, वेळ, आई काय विसरली, काय आठवलं. स्वतःचीही परीक्षा घ्यायचे : रोज सकाळी दात घासताना मूलद्रव्यांची यादी शेवटून सुरुवातीपर्यंत म्हणायची. मावशीला झालं, आईला होतंय, मग पुढची कोण?

त्याच वहीत त्या महिन्यात एक नवी नोंद सुरू झाली. डावा दंड, निळसर डाग, अंदाजे तीन सेंटिमीटर. चार दिवसांनी उजवी पोटरी, पाच सेंटिमीटर, कडा पिवळट.

“आई, कुठे आपटलीस?”

“नाही गं. कुठे आपटणार मी?”

आपटली आणि विसरली, असं मी लिहिलं. वर ‘पडण्याचं प्रमाण वाढतंय’ असा निष्कर्षही काढला. माप अगदी अचूक होतं.

एके संध्याकाळी मी काउंटरवर गेले आणि मला गोळीचं नाव आठवेना. जिभेवर होतं, येत नव्हतं. मी नुसतीच उभी.

तो मिस्कील हसला. “लागू पडत नाहीत वाटतं गोळ्या!”

इतकी साधी थट्टा. पण मला मावशीची ती खोली आठवली. मी वळले आणि चालायला लागले. बारीक रिमझिम होती. मागून चपलांचा फटफट आवाज आला. दुकान तसंच उघडं टाकून तो धावत आला होता.

“अहो — अहो, थांबा. मी मूर्ख आहे.”

“तुम्ही नाही.”

“मग कोण? दुसरं कोणी दिसत नाहीये रस्त्यावर.”

मी रडता रडता हसले. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते; तो ते पुसत नव्हता, बहुतेक मी दिसेनाशी होईन म्हणून.

“रविवारी सकाळी,” तो म्हणाला, “तळ्याकाठी चालायला याल? आजोबांना फुकट देतो तो सल्ला तुम्हालाही देतो.”

रविवारी आम्ही तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. त्याने सांगितलं की हे दुकान त्याच्या वडिलांचं, आणि ते गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ताप सांगायचे. मी सांगितलं की मला धुतलेल्या काचेच्या नळ्या उन्हात वाळताना बघायला आवडतं. तिसऱ्या फेरीला आमचे हात एकमेकांना लागले आणि कोणीच बाजूला घेतला नाही. मग तो बाकावर बसला, घसा खाकरला.

“मला तुम्हाला एक सांगायचंय. बरेच दिवस... त्या गोळ्यांबद्दल... म्हणजे खरं तर माझ्याबद्दल—”

माझं काळीज फुललं आणि त्याच क्षणी गोठलं. तो विचारणार, आणि मला खरं सांगावं लागणार. मावशी, आई, मी. माझ्या नशिबात काय लिहिलंय ते ऐकून कोण थांबेल?

“आज नको,” मी म्हणाले. “प्लीज. आज नको.”

त्याने मान हलवली. चेहरा असा, जणू सुटल्यासारखंही वाटलं आणि अडकल्यासारखंही.

मंगळवारी सकाळी आई बेसिनपाशी उभी होती. ब्रशवर लाल. मला वाटलं हिरडी दुखावली असेल. दहा मिनिटं झाली. बेसिन लाल. मग नाकातूनही सुरू झालं. मी टॉवेल दाबून धरला, तो भिजला, दुसरा घेतला. आई शांत होती, तेच जास्त भयंकर होतं.

“ठमे, घाबरू नकोस,” ती टॉवेलाआडून म्हणाली. “काही होत नाही मला.”

शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवून मी धावले. दोन गल्ल्या. तो नुकतंच शटर वर करत होता.

“रक्त थांबत नाहीये,” मी म्हणाले. “आईचं.”

“काय झालं? कुठे लागलं?”

“कुठेच नाही. गोळ्या... त्या सगळ्या गोळ्या मी नाही घेत. आई घेते.”

मी माणसाच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना तोवर पाहिला नव्हता.

“आणखी कुठली औषधं चालू आहेत त्यांची?” त्याने तोच प्रश्न विचारला. या वेळी आवाज कापत होता.

“हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून... रक्त पातळ ठेवायची गोळी. हॉस्पिटलमधून मिळते, दर महिन्याला. रक्तही तपासायचं असतं.”

“शेवटचं कधी तपासलं?”

आईने ‘झाली गं तपासणी’ म्हटलं होतं, गेले दोन्ही महिने. मी मानलं होतं. जिचं विसरणं मी तारीखवार लिहून ठेवत होते, तिच्या या एका शब्दावर मी विश्वास ठेवला होता.

त्याने शटर खाली ओढलं. कुलूप लावायला हात जमेना, तसंच सोडलं. पानांचा अर्क, ई जीवनसत्त्व, माशाचं तेल — तिन्ही रक्त आणखी पातळ करू शकतात, हे तो आईला रिक्षात बसवता बसवता पुटपुटत होता. मला नाही, स्वतःला सांगत होता. आईच्या दंडावरचे, पोटरीवरचे निळे डाग मला तेव्हा पहिल्यांदा खरे दिसले. तीन सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर. आई कुठेच आपटली नव्हती. ती खरं सांगत होती आणि मी ते आजाराच्या खात्यावर टाकलं होतं.

अपघात विभागात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय दिलंय? मला एकही नाव सुचेना. त्याने सगळं सांगितलं. पाचही बाटल्या, कंपन्या, मात्रा, आणि प्रत्येक बाटली मी कुठल्या तारखेला नेली ते. डॉक्टरीणबाई लिहिताना थांबून त्याच्याकडे बघायला लागल्या.

“तुम्ही मुलगा का?”

“नाही,” तो म्हणाला. “मी विकणारा.”

आईला आत नेलं. रक्त गोठायला मदत करणारं एक जीवनसत्त्व बेताच्या मात्रेत देणार होते. जीवनसत्त्वच. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता, आणि माझ्या बाहीवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. आम्ही दोघं एका बाकावर बसलो. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर.

“रविवारी मी हेच सांगणार होतो,” तो म्हणाला. जमिनीकडे बघत. “या गोळ्यांनी मेंदू वाचतो याला धड पुरावा नाही. प्रत्येकाला सांगतो मी हे. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

“मग?”

“सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता.”

मी बाहीवरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडलं.

“पहिली बाटली दिली तेव्हा वाटलं, निरुपद्रवी आहे, तरुण आहेत, काय होणार. मग दुसरी. दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. आणि तुम्ही पायरी चढताना दिसलात की...” त्याने डोळे पुसले, सरळ हाताने, लपवून नाही. “ज्या काउंटरवर वडिलांनी चाळीस वर्षं कोणाला नको ती गोळी दिली नाही, तिथे मी तुम्हाला पाच बाटल्या दिल्या. मला तुम्ही आवडता म्हणून.”

कोणत्याही मुलीने प्रेमाची कबुली ऐकायचं ठिकाण हे नव्हे. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याचा हात धरावासा वाटला. मी दोन्ही केलं नाही.

“खोटं मी बोलले,” मी म्हणाले. “तुम्ही विचारलं होतं. मी ‘माझ्यासाठी’ म्हटलं.”

“मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.”

“तुम्ही जा आता.”

तो उठला. दारापर्यंत गेला. मग परत येऊन बाकावर स्वतःचा रुमाल ठेवला आणि गेला.

दुपारी रक्त थांबलं. आई पांढरीफटक दिसत होती, पण डोळे जागे होते. मी तिच्या पलंगाशी बसून सगळं कबूल केलं — बाटल्या, चिठ्ठी, कप्पा, चेन.

“मला माहीत होतं गं,” ती म्हणाली.

“काय?”

“की मला होतंय. ताईचं सगळं मी जवळून पाहिलंय, मला नाही कळणार? तू सकाळी वाटीत पाच गोळ्या काढून ठेवायचीस आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मी गिळल्या की तुझा चेहरा जरा सैल व्हायचा. म्हणून गिळत होते.” ती थकून थांबली. “तपासणीला चल म्हणशील म्हणून मीही वाट बघत होते. तू म्हणत नव्हतीस, मीही म्हणत नव्हते. दोघी शहाण्या.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती केसांतून हात फिरवत राहिली.

“आणि तो चष्मेवाला कोण?”

“औषधाच्या दुकानातला.”

“तू कागद भरायला गेलीस तेव्हा तो आत आला होता. माझ्याजवळ उभा राहून ‘काकू, चूक माझी आहे’ म्हणून रडत होता. मी म्हटलं, बाबा रे, आधी मला बरी होऊ दे, मग रड.”

पुढच्या आठवड्यात आम्ही ती चिठ्ठी घेऊन गेलो. दोन तास आईने चित्रं जुळवली, शब्द सांगितले, घड्याळ काढलं. मी बाहेर बसले होते आणि प्रत्येक मिनिटाला मला उठून पळून जावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. सुरुवात आहे. वेग सांगता येत नाही. हे थांबवणारी गोळी आज तरी नाही. काळजी कशी घ्यायची, ते मात्र पुष्कळ आहे. ते त्यांनी कागदावर लिहून दिलं.

बाहेर येताना आई म्हणाली, “नापास झाल्यावर इतकं हलकं वाटतं, हे शाळेत कळलं असतं तर अभ्यासच केला नसता.”

मला मात्र हलकं वाटलं नाही. भीतीला आता आकार आला होता, एवढंच. ती धुक्यासारखी सगळीकडे नव्हती. समोर उभी होती, तिला कडा होत्या.

आईला घरी सोडून मी दुकानाशी गेले. तो एका बाईंना खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते दोनदा, तीनदा समजावत होता. बाई शेवटी वैतागून म्हणाल्या, “कळलं हो, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?” त्या गेल्या. त्याने मान वर केली आणि हातातली कात्री खाली पडली.

“सुरुवात आहे,” मी म्हणाले. “आईला. मावशीलाही होतं. मला होईल की नाही, माहीत नाही. होऊ शकतं. हे मी रविवारी सांगायला हवं होतं, पण घाबरले. आता आधी सांगतेय... नंतर कोणी काही विचारायच्या आत.”

त्याने कात्री उचलून जागेवर ठेवली. मला वाटलं, संपलं.

“मलाही भीती वाटतेय,” तो शेवटी म्हणाला. “खोटं नाही सांगणार. या भीतीवर माझ्या दुकानात काहीच नाही.”

“माहीत आहे.”

“तुम्ही अजून रागावला आहात?”

“हो. थोडी. तुमच्यावर थोडी, माझ्यावर जास्त.” मी श्वास घेतला. “मला आता इथून काही न्यायचं नाहीये. एकही बाटली नाही. तरी... मी येत जाऊ का?”

त्याने वाकून काउंटरच्या कडेची कडी काढली आणि आत यायची लाकडी फळी वर उचलली. ती जड असावी. दोन्ही हातांनी धरूनही थरथरत होती.

“लवकर या,” तो म्हणाला. “ही फार वेळ धरवत नाही.”

मी वाकून आत गेले.